दर्याला दिलेली सायकल

वेसावे, अंधेरी (प.)
रविवार, १७ जून १९८४

ती. जयवंतभाऊ यांस,
सा. न.

आज सुट्टी होती. सकाळी शिवदासबरोबर बोटीवरची ताडपत्री पुन्हा बांधली, वाऱ्याने सुटली होती. नंतर पडवी झाडली. जेवून हे पत्र लिहायला बसलो. दादाला जाऊन महिना होऊन गेला.

बाराव्याला तुम्ही म्हणालात, काही लागलं तर लिही. एक लागलं आहे.

पडवीत दादाची सायकल उभी आहे. शिवदास म्हणतो, भंगारवाल्याला देऊ, तिथे जाळी ठेवता येतील. दादाचा मुलगा तो, आणि आता बोटही तोच बघतो, त्यामुळे त्याचं म्हणणं चुकीचं नाही. वहिनी काही बोलत नाहीत. मी त्याला थांब म्हटलं आहे, पण का थांब ते मला सांगता आलं नाही.

दादाची रेसची सायकल तुम्हाला माहीतच आहे. छप्पन साली बाबा बोटीवर गेले ते परत आले नाहीत. मी मॅट्रिकच्या वर्गात होतो. पुस्तकं बांधून ठेवली आणि दादाला सांगितलं, मी बोटीवर येतो. नारळी पौर्णिमेला सगळं गाव किनाऱ्यावर असताना त्याने ती सायकल आणली आणि खाडीच्या तोंडाशी पाण्यात सोडली. मला म्हणाला, "मी माझं सोडलं. तू पुस्तकं सोडायची नाहीत." मी सोडली नाहीत. आज बँकेत आहे तो त्यामुळे.

ही पडवीतली सायकल त्यानंतरची. कुठून आली, कोणी विचारलं नाही. मागे मोठं कॅरिअर, त्यावर माशांची पाटी. दरवर्षी पौर्णिमेआधी बोट रंगवली की उरलेल्या रंगाचा एक हात दादा सायकलला मारायचा. त्यामुळे ती सायकल कमी आणि होडी जास्त दिसते.

तुम्ही दोघं एकत्र रेस खेळलात. सायकलीतलं तुम्हाला कळतं. ही कुठली, किती सालची, हे कसं ओळखायचं? मी सायकल कधी चालवली नाही. एक माझ्यापायी बुडाली, दुसरीला हात लावावासा वाटला नाही.

तुमचा,
हरेश्वर

---

मुलुंड (प.)
२३ जून १९८४

चि. हरेश्वरास अनेक आशीर्वाद.

मेल्या, तुझं पत्र म्हणजे बँकेचं पासबुक. चंदू गेला, सायकल उरली, शिल्लक बाकी शून्य. जरा रड, नाहीतर शिव्या तरी दे. मी बाराव्याहून घरी येईपर्यंत तुझ्या भावाला शिव्या देत होतो. माझ्याआधी गेला, म्हणजे इथेही पुढे.

सायकलीचं सांगतो. मुलुंडमध्ये सायकल ओळखणारे दोन जण होते, त्यातला एक ठाण्याला राहायला गेला. राहिलो मी. आणि माझं मत असं की तुझ्या पडवीत जे उभं आहे ते दूधवाल्याचं घोडं आहे. चंदूने कुठल्यातरी भय्याकडून घेतलं असेल. भंगारात दे, डोळे झाकून दे.

पण विचारलंस तर शिकून घे. सायकल ओळखताना रंग बघायचा नाही आणि बिल्ला तर मुळीच बघायचा नाही. माझ्या मेव्हण्याच्या सायकलीवर इंग्लंडचा बिल्ला आहे आणि मेव्हण्याच्या दारावर डॉक्टरची पाटी. दोन्ही चोरबाजारातली. चाकाच्या हबवर साल ठोकलेलं सापडलं तरी हुरळून जाऊ नको. चाकं बदलतात. चपलेवरून माणसाचं वय काढल्यासारखं होईल. खरी सायकल म्हणजे फ्रेम. बाकी सगळे कपडे.

आधी ब्रेक बघ, दांडीचे की तारेचे. दूधवाल्याला दांडी. मग सीट काढ आणि सीटची दांडी किती जाड आहे ते माप. साध्या सायकलीला एक इंच पुरते. रेसच्या फ्रेमच्या नळ्यांचा पत्रा पातळ, म्हणून आतली पोकळी मोठी, म्हणून दांडी इंचाहून जाड लागते. याच्यात कोणी फसवू शकत नाही. मग नळीवर टिचकी मार. जाड पत्रा 'ठप' म्हणतो, पातळ पत्रा घंटेसारखा वाजतो. नळ्या जिथे जुळतात ते सांधे बघ. साध्या सायकलीचे सांधे गटारावरच्या झाकणासारखे सरळ कापलेले. चांगल्या कारागिराने हाताने कानशीने कापलेले असले तर टोकाला निमुळते, नक्षीदार. चाकांच्या तारा मोज. जुन्या इंग्रजी सायकलीला पुढे बत्तीस, मागे चाळीस, कारण साहेबाचंही ढुंगण मागच्याच चाकावर. आणि पुढच्या उभ्या नळीवर बिल्ल्याची भोकं सापडतात का बघ. बिल्ला जातो, भोकं राहतात. वर-खाली आहेत की आडवी, त्यावरून कारखान्याचा अंदाज येतो.

एवढं करून तुला दूधवाल्याचं घोडंच सापडेल. पण रविवार बरा जाईल.

वहिनींना नमस्कार. तुझी इथली वहिनी विचारते की आता सुके बोंबील कोण आणून देणार. मी तिला गप्प केलं.

तुझा,
जयवंत

---

वेसावे
रविवार, ८ जुलै १९८४

ती. जयवंतभाऊ यांस,
सा. न.

दोन रविवार लागले. रंग फार जाड आहे. बोटीचा तळ खरवडायची पट्टी घेतली आणि सांध्यांपाशी थोडं थोडं काढलं. वर हिरवा, त्याखाली नारिंगी, मग निळा, मग परत हिरवा. निळा ज्या वर्षी लावला त्या वर्षी शिवदासचं लग्न झालं. त्याही हिरव्याच्या आधीचा लाल मला आठवत नव्हता, खरवडल्यावर आठवला. लाल निघेपर्यंत मी थांबलो नाही. मग थोडा वेळ थांबलो.

तुम्ही विचारलेलं असं आहे.

ब्रेक तारेचे आहेत. सीटची दांडी इंचाहून जाड आहे. बँकेतली पट्टी लावून मापली, मग शेजारच्या धोंडिरामच्या सायकलीची मापली, ती बरोबर इंच भरली. टिचकी मारली तर धोंडिरामची ठप म्हणते. दादाची वाजते. रंग एवढा असूनही वाजते. तारा पुढे बत्तीस, मागे चाळीस. सांध्यांची टोकं पापलेटच्या शेपटीसारखी दोन्हीकडे फाकलेली आहेत आणि कडेला कानशीचे ओरखडे दिसतात. बिल्ला नाही. भोकं दोन, वर-खाली.

आणखी दोन गोष्टी दिसल्या, त्या तुम्ही विचारल्या नव्हत्या.

हँडल उलटं बसवलेलं आहे. मला वाटायचं ते तसंच असतं. धोंडिराम म्हणाला, "हे रेसचं वाकडं हँडल हाय, उताणं केलंय."

दुसरं असं, की सगळी सायकल रंगात बुडालेली आहे. घंटीवर रंग आहे, सीटच्या स्प्रिंगांवर रंग आहे. पण कॅरिअरच्या चार नटांवर रंग नाही. हँडलच्या बोल्टवरही नाही. नटांच्या कडा पान्याने झिजून गोल झाल्या आहेत. म्हणजे कॅरिअर वरचेवर काढत असावेत आणि हँडल फिरवत असावेत. माशांची पाटी नेणाऱ्या माणसाला कॅरिअर काढायची वेळ का येते, मला समजलं नाही. तुमच्या लक्षात काही येतं का?

तुमचा,
हरेश्वर

---

मुलुंड
१२ जुलै १९८४

चि. हरेश्वर,

पत्र पोचलं. घाईत लिहितो आहे, कारखान्यात काम फार आहे.

तुझ्या वर्णनावरून विशेष काही निघत नाही. सीटच्या दांड्या जाड-बारीक असतातच, त्यावर काही ठरत नाही. वाजणारी सायकल म्हणजे आतून गंजलेली सायकल. हँडल लोक कसंही बसवतात. नटांचं म्हणशील तर कॅरिअर खिळखिळं होतं, ते आवळावं लागतं. त्यात एवढं काय बघायचं? तू बँकेत आहेस, पोलिसात नाहीस.

आणि पुढे खरवडू नको. पावसाळी हवेत पत्रा उघडा ठेवलास तर वाट लागेल. विशेषतः चेनच्या बाजूला, खालच्या नळीला, अजिबात हात लावू नको. असं कर, ती मला दे. मी टेम्पो पाठवतो, परस्पर विल्हेवाट लावतो. तुला बघून त्रास होणार नाही.

जयवंत

---

वेसावे
रविवार, २२ जुलै १९८४

ती. जयवंतभाऊ यांस,
सा. न.

तुमची दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली. पहिल्यात लिहिलं आहे, सीटच्या दांडीत कोणी फसवू शकत नाही. दुसऱ्यात लिहिलं आहे, दांडीवर काही ठरत नाही. मधे मी फक्त माप कळवलं होतं.

तुम्ही चेनच्या बाजूची खालची नळी खरवडू नको म्हणालात, म्हणून ती आधी खरवडली. सगळ्या रंगांच्या तळाशी काळपट तांबडा आहे आणि त्यावर सोनेरी बारीक रेघ. नळीला एका जागी पितळेची झाळ दिली आहे, बोटभर. पंचावन्न साली बोरिवलीच्या वळणावर तुम्ही दादाच्या मागच्या चाकात घुसलात आणि दोघं गटारात पडलात, तेव्हा ती नळी तुटली होती. झाळायला मी बरोबर गेलो होतो. भाता मीच मारला होता.

मी पट्टी खाली ठेवली. वहिनी चुलीपाशी होत्या. त्यांना म्हटलं, "वहिनी, ही रेसची सायकल आहे. दादाने दर्याला दिली ती."

त्या म्हणाल्या, "मंग? दुसरी कंची असल?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"भावजी, तुमी बँकेत नोटा मोजता ना? घरातली सायकल वलखाया अठ्ठावीस वरसं लागली? दर्याला दिली म्हंजे कशी दिली? मागच्या चाकाला दोरी बांदून दिली. दोरीचं टोक तुमच्या त्या जयवंतच्या हातात. तो ओढून ठेवलेल्या होडीमागं बसला व्हता, मासली चोराया आलेल्या मांजरावानी. पहाटंच्या ओहोटीला दोगं गेलं न् वढून आनली."

मी विचारलं, मला का सांगितलं नाही.

"सांगितलं असतं तं शालंत गेला असता?"

त्याच पुढे म्हणाल्या, "मी तवा नवी नवरी. मना भ्या वाटलं. दिलेलं परत घेतलं, दर्या गप बसंल? तं मना म्हनतात, दर्याला काय लिवता-वाचता येतं? तो रंग वलखतो. बोटीचा रंग लावला का सायकल बी बोटच. म्हनून दरसाल रंग."

जयवंतभाऊ, तुम्हाला एक सांगतो. आमच्या घरात पापलेट झालं की मधला तुकडा दादाच्या ताटात. कारण सायकल. मला नाशिकला बढती मिळत होती, दादा म्हणाला, "मी दर्याला सायकल दिली ती तुला नाशिकला पाठवाया?" मी गेलो नाही. निवडणुकीत मत कोणाला द्यायचं, सायकल. रेडिओवर कोणतं स्टेशन, सायकल. अठ्ठावीस वर्षं मी त्या माणसाला नाही म्हटलं नाही. आणि ती पडवीत उभी होती. मी रोज ऑफिसला जाताना छत्री तिच्या हँडलला अडकवून बूट घालत होतो.

हे वहिनींना सांगताना मला हसू आलं. ते थांबेना. वहिनी म्हणाल्या, "मयताच्या घरात हसताव?" मग मोरीत जाऊन तोंड धुतलं. तिथे बराच वेळ लागला.

तुम्ही खोटं का लिहिलंत ते कळवा. दादा खोटारडा होता का तेही कळवा. मला राग आला आहे, पण तो कोणावर धरायचा ते ठरत नाही.

एक घाई आहे. शिवदास यंदा बोटीला पिवळा रंग देणार आहे. वहिनींचं म्हणणं, आता सायकल बोटीची राहिली नाही, त्यात मी खरवडून उघडी केली, म्हणजे दर्याला ओळखू येणार. पोरं बोटीवर जाणार, त्यांना काळजी वाटते. त्या म्हणाल्या, "पुनवेला दर्याची दर्याला देऊन टाका. या टायमाला दोरी नको."

पौर्णिमा ११ ऑगस्टला आहे.

हरेश्वर

---

मुलुंड
२६ जुलै १९८४

चि. हरेश्वर,

वहिनींना सांग, मी मांजरासारखा बसलो नव्हतो, ओणवा होतो. दोरी ओली होती आणि तुझ्या भावाची सायकल चिखलात रुतली होती. माझ्या एका चपलेने तिथेच देह ठेवला. म्हणजे दर्याला अगदीच काही मिळालं नाही असं नाही.

खोटं का लिहिलं? 'चंदूची अब्रू जाऊ नये म्हणून', असं लिहायला घेतलं होतं. तीन ओळी झाल्याही. बायकोने खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "मेल्या माणसाच्या आड लपतास? लाज नाय वाटना?" तेव्हा खरं ऐक.

चंदूने रेस सोडली नव्हती. महिन्याला एक रविवार तो मुलुंडच्या गिऱ्हाइकाला बोंबील पोचवायला निघायचा, आठवतं? गिऱ्हाईक मी. साकीनाक्याला पंक्चरवाल्याकडे कॅरिअर उतरवायचा, हँडल फिरवायचा, पाटी मी ठरवून ठेवलेल्या टॅक्सीत, पुढे पुढे रिक्षात, टाकायचा आणि तिथून पवई तलावावरून मुलुंडच्या चेकनाक्यापर्यंत आमची शर्यत. परत जाताना उलट क्रम. दरवर्षी रंगाच्या आधी कॅरिअर काढून ठेवायचा, म्हणून नटांवर रंग नाही. पोलिसात जा तू, बँकेत फुकट गेलास.

माझ्या भिंतीवर दोन ढाली आहेत. माझ्याकडे फ्रान्सचे गिअर, अल्युमिनियमची चाकं, इटलीचे बूट. चंदूकडे एकच गिअर, बोटीचा रंग आणि वास. मी एकदाही जिंकलो नाही. अठ्ठावीस वर्षांत एकदाही. मागे राहिलं की बोंबलाचा वास येतो. पुढे गेलं की येत नाही म्हणतात, मला ते ऐकून माहीत. तू खरवडत गेलास तर हे बाहेर येणार, म्हणून थापा मारल्या. आणि पहिल्या पत्रात सगळी परीक्षा मीच तुला शिकवली, कारण सायकलीचं कोणी विचारलं की माझं तोंड बंद राहत नाही. जीभ चंदूच्या सायकलीसारखी आहे, तिला ब्रेक नावालाच.

आता ओळख नीट करून देतो. बर्मिंगहॅमच्या एका लहान कारखान्यातली फ्रेम, एकोणपन्नास किंवा पन्नासची. वर-खाली भोकं, पुढे बत्तीस मागे चाळीस, आणि शेपटीचे सांधे. पुढे त्यांनी ते सांधे बंद केले, फार वेळखाऊ. जुहूच्या विमानतळावर एक इंग्रज इंजिनिअर होता. चंदू त्याला पापलेट पोचवायचा. तो मायदेशी निघाला तेव्हा सायकल चंदूला देऊन गेला. बिल्ला तेवढा काढून खिशात घातला, म्हणे बायकोला दाखवायला. तसली फ्रेम या मुंबईत दुसरी मी पाहिलेली नाही.

चंदू खोटारडा होता का? होता. मला म्हणाला होता, हऱ्या पास झाला की सांगू. तू पास झालास. म्हणाला, नोकरी लागू दे. नोकरी लागली. तेव्हा मी म्हटलं, आता तरी सांग. तर म्हणतो, "आता सांगितलं तर मधला तुकडा जाईल." असा होता तुझा भाऊ.

पण गेल्या दिवाळीत पवईच्या चढावर तो थांबला. कधी थांबत नसे. दम लागला होता, मला कळलं नाही, मी जिंकायच्या नादात होतो. मी वळून मागे आलो तर म्हणाला, "हऱ्याला सायकल शिकवायला हवी होती. त्याने कधी मागितलीच नाही." मग चेकनाक्यापर्यंत आम्ही हळू गेलो. कोण पुढे होतं आठवत नाही. बहुतेक तोच.

राग माझ्यावर धर. पण सायकल बुडवू नको. माणूस बुडवला असतास तर मी मधे पडलो नसतो. वहिनींच्या पाया पडतो म्हणून सांग. वाटल्यास मला बुडवा.

जयवंत

---

वेसावे
रविवार, १९ ऑगस्ट १९८४

ती. जयवंतभाऊ यांस,
सा. न.

उत्तराला उशीर झाला. पौर्णिमा पार पडली. बोट गेली आणि एकदा येऊनही गेली. पिवळा रंग लांबून दिसतो.

तुमचं पत्र वहिनींना वाचून दाखवलं. रिक्षात पाटी टाकायचे ते ऐकून म्हणाल्या, "म्हंजे रिक्षाचं भाडं मासल्यांना, न् हे घामाघूम. डोकं फिरलंवतं का काय?" दिवाळीचं वाचलं तेव्हा उठून चुलीतली लाकडं आत सारली. पण बुडवायचं त्यांनी सोडलं नाही. पोरं बोटीवर असतात, दिलेलं दिलं पाहिजे.

दोन-तीन दिवस मी विचार केला. मग त्यांना म्हटलं, "ती माझ्यासाठी दिली होती, तेव्हा सोडवायची तर मीच सोडवीन. शिवदासला लहानपणी गोवर निघाला तेव्हा तुम्ही त्याची नारळांनी तुला केली होती. सायकलीची करू. तिच्या वजनाचे नारळ दर्याला."

वहिनींनी सुपारी कातरायची थांबवली. म्हणाल्या, "सायकलीची तुला कुनी ऐकली हाय?"

"दोरी बांधून दिलेलं दान तरी कोणी ऐकलं आहे?"

मी त्यांना असं उलट कधी बोललो नव्हतो. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाल्या, "चालंल. पन वजन पुरतं धरायचं. कॅरिअरसकट."

मी म्हटलं, "दिली तेव्हा कॅरिअर नव्हतं."

कॅरिअर काढलं. चार नट, हाताने सुटले. मग मडगार्डवरून बोलणं झालं. मडगार्ड तेव्हा नव्हते, मी काढले. स्टँड नव्हता. घंटीवर अडलं. वहिनी म्हणाल्या घंटी होती, त्यांनी लग्नात ऐकली होती. मी म्हटलं, ती तुमच्या वरातीतल्या बेंजोवाल्याची असेल. शिवदास मधे पडला आणि घंटी राहिली. मी पाना घेऊन हँडल सोडवलं आणि उलटं होतं ते सुलटं केलं.

"त्यानं वजन कमी व्हतं काय?" वहिनींनी विचारलं.

"नाही."

"मंग?"

"तेव्हा असं होतं."

त्या उठून पडवीच्या दाराशी आल्या. सायकल भिंतीला टेकवलेली होती. रंगाचे पोपडे, मधे मधे तांबडं आणि सोनेरी रेघेचा एक तुकडा. नुसती फ्रेम, दोन चाकं, खाली वळलेलं हँडल. ती इतकी बारीक असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "असंच व्हतं. ह्याच्यावर वाकून जायाचे. मना पाठ तेवडी दिसायची." आणि आत गेल्या.

नारळ लागतील एवढंच मी बँकेतून फोनवर सांगितलं होतं, तुम्ही गावाहून मागवलेलं पोतं वेळेवर पोचलं. मासळी तोलायचा मोठा काटा धक्क्यावरून आणला. एका बाजूला सायकल टांगली, दुसऱ्या पारड्यात शिवदास नारळ टाकत गेला. वहिनी जवळ उभ्या राहून काटा बघत होत्या. अर्धं पोतंही रिकामं झालं नाही आणि सायकल वर गेली. वहिनींना फसवल्यासारखं वाटलं. त्यांनी काटा हलवून पाहिला, धोंडिरामला बोलावलं, त्याची सायकल टांगायला लावली. ती टांगल्यावर नारळ कमी पडले. तेव्हा त्यांची खात्री झाली. तुमचा पातळ पत्रा खरा निघाला. बाकीच्या नारळांची चटणी, वड्या आणि सोलकढी चालू आहे.

पौर्णिमेला मीच ते नारळ सोडले. सगळं गाव होतं. हरेश्वर एवढे नारळ का सोडतो, असं दोघांनी विचारलं. वहिनींनी सांगितलं, "जुनं देनं हाय." गावातल्या पोरांनी दरवर्षीप्रमाणे पाण्यात उड्या मारल्या आणि निम्म्याहून जास्त नारळ परत काढून नेले. वहिनींनी तेवढ्यात पदर नीट करायला घेतला आणि तिकडे पाठ केली.

दादावरचा राग गेला की नाही ते सांगता येत नाही. काल जेवताना आला होता. पण नाशिकला मी गेलो असतो असं आता वाटत नाही. मला तिथे बरं वाटलं नसतं. हे मला आधीही माहीत होतं बहुतेक, सायकल सांगायला सोयीची होती.

तुम्ही सायकल मागितलीत. ती देणार नाही. बघायला केव्हाही या. मागून बघायची तुम्हाला सवय आहेच. उरलेला रंग काढायचा की नाही ते ठरवलेलं नाही. निळ्यापर्यंत काढावा आणि थांबावं असं मनात येतं. तुम्हाला हे चुकीचं वाटेल.

आज पहाटे ओहोटी होती. वाळू कडक होती आणि किनाऱ्यावर माणूस नव्हतं. सायकल हाताने धरून नेली. एक पाय टाकून पुढे ढकलत गेलो, मग दोन्ही पाय टाकले आणि पडलो. पुन्हा पडलो. वय चव्वेचाळीस आहे, लागतं. चौथ्या-पाचव्यांदा ओढून ठेवलेल्या दोन होड्यांमधलं अंतर गेलो. थांबायचं कसं ते माहीत नव्हतं म्हणून पाण्यात गेलो, घोट्याएवढ्या.

घरी आलो तेव्हा सगळी बाजारात होती. दोन बादल्या गोडं पाणी ओतून सायकल धुतली. चेनमध्ये वाळू गेली होती, ती जुन्या बनियनने एकेक कडी धरून पुसली. तेल दिलं. पॅडल हाताने फिरवून पाहिलं. मग साबणाने हात धुतले आणि चहा ठेवला.

तुमचा,
हरेश्वर